पुणे का बेंगलोर? आधी मत कुठं टाकणार ते सांग

मावसभावानं मागं एकदा रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर एक एक्सेल शीट पाठवली. खाली एकच ओळ, "दादा, बघून सांग, पुणे का बेंगलोर." पोरगं इलेक्ट्रॉनिक्सचं, कॉलेज कोल्हापुरातच झालेलं, हातात दोन ऑफर. पुण्याची गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधली, बेंगलोरची चिप तपासायच्या कामाची. शीटमध्ये रकाने कसले तर पॅकेज, भाडं, हवा, ट्रॅफिक, घरी यायला किती तास, आणि शेवटचा रकाना 'लाइफ', त्यात पुण्याला साडेसहा मार्क आणि बेंगलोरला आठ. म्हणलं हे साडेसहा कुठनं काढलंस रे, तर म्हणतो रील बघून.

हसलो खरा, पण मी तरी काय वेगळं केलं होतं. २०२१ ला वहीच्या मागच्या पानावर हेच रकाने आखले होते, हीच दोन शहरं. मग तीन वर्षं बेंगलोरला काढली, २०२४ च्या पावसाळ्यात पुण्याला आलो, अजून इथंच आहे. त्यामुळं या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. आणि माझं म्हणणं असं आहे की आपण सगळे हा प्रश्न चुकीच्या जागी उभं राहून विचारतो.

आमच्याकडच्या पोरांना हा प्रश्न पाळण्यातच मिळतो म्हणा. रात्री दहाच्या सुमाराला तावडे हॉटेलला (बाहेरच्यांसाठी सांगतो, ते हॉटेलपेक्षा थांब्याचं नाव म्हणूनच जास्त चालतं) जाऊन उभं राहा, रस्त्याच्या एका अंगाला पुण्याच्या स्लीपर लागतात, दुसऱ्या अंगाला बेंगलोरच्या. रस्त्याचं नावच मुळी पुणे-बेंगलोर हायवे. इकडं किणी, कराड, सातारा, खंबाटकी, कात्रज, तिकडं कागल, निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर. सोडायला आलेले बाप दोन्हीकडं सारखेच गप्प. फरक फक्त सामानात, पुण्याला जाणाऱ्याच्या हातात डब्याची पिशवी असते आणि बेंगलोरला जाणाऱ्याच्या पायाशी तांदळाचं पोतं, गूळ, चटणीचा पाच किलोचा डबा. एक पंधरा दिवसांनी परत येणार असतो, दुसरा एकदम दिवाळीला.

बरं हा प्रश्न आजचा पण नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणेही होतं आणि १६३८ नंतर बेंगलोरही. स्वतः ते थोरल्या संभाजीराजांना घेऊन बेंगलोरला राहिले आणि जिजाऊंना, शिवबांना पुण्याला पाठवलं. म्हणजे पुणे का बेंगलोर हे आपल्याकडं पावणेचारशे वर्षांपूर्वी एकदा एका घरात ठरलेलं आहे, आणि ज्याला गावठाण जळालेलं, गाढवाचा नांगर फिरवलेलं शहर मिळालं त्यानं पुढं काय केलं ते आपल्याला माहिती आहे. असो, त्यांचं रिलोकेशन वेगळं होतं, आपल्याला कुणी जहागीर देत नाहीये.

आता मुद्द्यावर येतो. शीटवर वर मोठ्या अक्षरात 'पुणे' आणि 'बेंगलोर' लिहिलंय ना, तिथंच गडबड आहे. पोरगं पुणे म्हणलं की डेक्कन, एफसी रोड, तळजाई डोळ्यासमोर आणतं, आणि बेंगलोर म्हणलं की कब्बन पार्क, मल्लेश्वरमच्या गल्ल्या, उभ्यानं प्यायची फिल्टर कॉफी. तिथं राहणार कोण? आपण नाही. पंचवीस-तीस हजारांपासून लाखापर्यंत पगार घेणारा बाहेरून आलेला माणूस जिथं राहतो ते पंधरा-वीस वर्षांपूर्वी गाव होतं. शेत विकलं, बिल्डर आला, बारा मजले झाले, रस्ता मात्र बैलगाडीचाच राहिला. पुण्यात याला सरळ शब्द आहे, 'समाविष्ट गावं', म्हणजे महापालिकेत घेतलेली.

मी बेंगलोरला कसवनहळ्ळीत राहायचो, सर्जापूर रोडच्या आत. ऑफिस आउटर रिंग रोडला, मारतहळ्ळीच्या अलीकडं, नऊएक किलोमीटर. आता राहतो सूसला, ऑफिस हिंजवडीत, आठेक किलोमीटर. दोन्हीकडं संध्याकाळी पाऊण तास हा चांगला दिवस समजायचा, आणि पाऊस पडला तर वेळेचं बोलायचंच नाही. सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटरचा हायवे पालथा घालून मी तेच आठ-नऊ किलोमीटर घेऊन आलो.

पाणी घ्या. २००७ ला बेंगलोरची महापालिका मोठी केली तेव्हा आसपासच्या नगरपालिकांबरोबर ११० गावं आत घेतली. त्या गावांसाठी कावेरीच्या पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला २०२४ च्या ऑक्टोबरात. सतरा वर्षं! मधे काय, तर बोअर आणि टँकर. २०२४ च्या मार्चमध्ये बोअर आटले तेव्हा मी तिथंच होतो. बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज सकाळी मेसेज यायचा, पाणी सात ते आठ आणि संध्याकाळी सात ते आठ, पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार दंड (हा सरकारी होता, बिल्डिंगचा नाही), आणि टँकरवाला फोन उचलत नाही. मी दोन बादल्या भरून ठेवून ऑफिसला जायचो आणि ऑफिसात अंघोळ करून घ्यायचो, कारण ऑफिसच्या जिममध्ये शॉवर होता आणि त्याचं पाणी कधीच जायचं नाही, कुठनं यायचं देव जाणे. मग ठरवलं बास झालं, पुण्याला जाऊया, चार धरणं आहेत डोक्यावर, खडकवासला पानशेत वरसगाव टेमघर. सूसला आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीतनं बघतोय तर खाली टँकर रिव्हर्स घेतोय, आणि तोच टीं टीं टीं आवाज.

का असं? सूस, म्हाळुंगे, वाघोली वगैरे २३ गावं २०२१ च्या जूनअखेरीला पुणे महापालिकेत घेतली. ग्रामपंचायत गेली. महापालिकेची मुदत संपली २०२२ च्या मार्चमध्ये आणि पुढची निवडणूक झाली थेट २०२६ च्या जानेवारीत. म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं तिथं ना सरपंच ना नगरसेवक, प्रशासक एक साहेब, त्यांना भेटायला जायचं म्हणजे सुट्टी टाका. बेंगलोरचं याहून भारी. तिथं निवडणूक झाली होती २०१५ ला, मुदत संपली २०२० च्या सप्टेंबरात, पुढं पाच वर्षं काहीच नाही, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्या महापालिकेचे पाच तुकडे करून पाच महापालिका केल्या, नवी कोरी, पण नगरसेवक तेव्हाही नव्हतेच. घटनेत २४३-यू म्हणून कलम आहे, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या म्हणून स्पष्ट लिहिलेलं. आरक्षणाचे खटले, प्रभागरचना, कारणं काय वाट्टेल ती असतील, पण देशातली दोन जोरात वाढणारी आयटी शहरं एकाच वेळी वर्षानुवर्षं नगरसेवकाशिवाय चालली आणि आपल्याला, म्हणजे तिथं राहणाऱ्या लाखो पोरापोरींना, ते कळलंसुद्धा नाही. मला स्वतःला कसवनहळ्ळीत तीन वर्षं राहून माहिती नव्हतं. खड्डा दिसला की मी फोटो काढून स्टेटसला टाकायचो, हसायचे इमोजी यायचे, झालं.

(आमच्या कोल्हापूर महापालिकेनं पण २०१५ नंतर २०२६ लाच निवडणूक बघितली, त्यामुळं पुण्याला नावं ठेवताना जरा आवाज खाली.)

हिंजवडीचं तर आणखीच मजेशीर आहे. ऑफिस ज्या रस्त्यावर त्याचा काही भाग एमआयडीसीचा, काही पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), गाव ग्रामपंचायतीचं, पोलीस पिंपरी-चिंचवडचे, वर मेट्रोचे खांब पीएमआरडीएचे, त्या मेट्रोचं भूमिपूजन २०१८ च्या डिसेंबरात झालेलं, आणि वाकडचा पूल ओलांडला की महापालिका सुरू. एकाच खड्ड्यात उभं राहून चार ऑफिसांना फोन लावले तर चौघंही खरं बोलून सांगतील की आमचा नाही. २०२५ च्या जुलैमध्ये तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार भल्या पहाटे तिथं पाहणीला गेले आणि सरपंचांवर वैतागले, आयटी पार्क बेंगलोर-हैदराबादला चाललंय असं म्हणाले, तो व्हिडिओ सगळ्यांनी फिरवला. गंमत पुढं आहे. दोनच महिन्यांनी बेंगलोरच्या आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीच्या प्रमुखानं जाहीर लिहिलं की खड्ड्यांना कंटाळून आम्ही ही जागा सोडतोय, तर लगेच आंध्रचे मंत्री नारा लोकेश, या आमच्याकडं विशाखापट्टणमला. म्हणजे पुण्याला भीती बेंगलोरची, बेंगलोरला ओढ लावतंय विशाखापट्टणम. आणि या सगळ्यात बोलावणं कुणाला तर कंपनीला. त्याच रस्त्यावर दीड तास अडकलेल्या पोराला कुणी म्हणलं का, या राव, तुमची काय अडचण आहे?

का म्हणेल? त्याचं मत तिथं नाही.

हे मला कळलं आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. मी तेव्हा नुकताच पुण्यात आलेलो. आठवडाभर आधी फोन सुरू, दोन्ही पॅनेलचे. "भावा, शनिवारी रात्री वाकडातनं गाडी सुटती, अकरा जण आहेत आपले, तू बारावा." गाडी एसी, वाटेत साताऱ्याला जेवण, गावात उतरल्यावर रस्सा, मत टाकलं की रविवारी संध्याकाळी परत. जे पोरगं बेंगलोरला होतं त्याचं ट्रॅव्हल्सचं तिकीट काढून दिलेलं, जाऊन-येऊन. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये, ते चूकच आहे आणि कायद्यातही बसत नाही, पण त्यातला हिशोब बघा. आमच्या वॉर्डात मागच्या वेळी नऊ मतांनी सीट गेली होती. नऊ! म्हणून एकेका मताची किंमत सहाशे किलोमीटरचं तिकीट नाहीतर एसी गाडी, आणि वर जेवण. आणि जिथं मी वर्षाचे तीनशे चाळीस दिवस राहतो, टँकरचे पैसे भरतो, प्रोफेशनल टॅक्स कापून देतो, त्या सूसमध्ये मी कोण? फ्लॅट नंबर ७०३ चा भाडेकरू.

गावाला मी वर्षातनं पंधरा दिवस असतो आणि तिथल्या गटारीचं मी ठरवतो. जिथं गटार माझ्या दारात फुटते तिथं मी काहीच ठरवत नाही. हे उलटं आहे की नाही सांगा.

आता आकडे बघा. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात मतदान त्रेपन्न टक्क्यांच्या आसपास, बेंगलोर साउथलाही त्रेपन्नच्याच आसपास, आणि कोल्हापुरात एकाहत्तरच्या वर. हे यादीत नाव असणाऱ्यांचं, आपण तर यादीतच नाही. मग नगरसेवक समाविष्ट गावात आला की कुणाकडं जाणार, जुन्या गावठाणात जाणार, तिथं हजार मतं आहेत, ओळखी आहेत, वर्गणी आहे. पाचशे फ्लॅटच्या सोसायटीत येऊन करणार काय, निम्म्यांची नावं सोलापूर, नांदेड, इंदूर, पाटण्याच्या याद्यांत. मी त्याच्या जागी असतो तर मी पण हेच केलं असतं.

यावर पोरं काय म्हणतात ते मला पाठ आहे. "मी काय दोन वर्षांसाठी आलोय, मला कशाला हवं." अरे पण तू गेलास की तुझ्या खोलीत दुसरा दोन वर्षांवाला येतो, तो गेला की तिसरा. दोन वर्षांवाल्यांची ही वस्ती पंचवीस वर्षं झाली तिथंच आहे, फक्त तिची नावं बदलतात, आणि या पंचवीस वर्षांत एकदाही कुणी तिला विचारलेलं नाही. दुसरं म्हणतात गावातलं नाव कमी केलं तर घरचे काय म्हणतील. हा खरा मुद्दा आहे, याला मी हसत नाही. आमच्या आईला अजून सांगितलेलं नाही मी. गावच्या यादीत नाव म्हणजे आपण अजून गावचे, रेशनकार्डासारखं ते काहीतरी असतं, आणि कायद्यानं नाव एकाच ठिकाणी राहतं, त्यामुळं इथलं लावायचं म्हणजे तिथलं काढायचंच. पण गावचा मी मतामुळं आहे का? जत्रेला मी जाणारच आहे ना.

तिसरी अडचण घरमालक. पत्ता बदलायला फॉर्म आठ भरायचा, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम, पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. आणि इथं एक गोष्ट पुण्याच्या बाजूनं सांगतो, महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी करावीच लागते, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं मशीन घेऊन घरी येतो, चहा पिता पिता दोघांचे अंगठे घेतो, दोन-चार दिवसांत पीडीएफ हातात. बेंगलोरला मला अकरा महिन्यांचा करार मिळाला होता नुसत्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी नाही काही नाही, आणि डिपॉझिट मात्र दहा महिन्यांचं. भाडं अठरा हजार, म्हणजे एक लाख ऐंशी हजार, पप्पांनी पतसंस्थेतनं उचलले होते. सोडताना एक महिन्याचं भाडं रंगरंगोटीला म्हणून कापलं, भिंतीला एक खिळा नव्हता मारलेला मी. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या वर डिपॉझिट नको असं लिहिलंय, पण तो नमुनाच आहे, राज्यांनी घेतला तर घेतला. कोण भांडणार यासाठी, भाडेकरूंचं मत आहे कुठं? पुण्याचा मालक डिपॉझिटला बरा निघाला, दोनच महिने, पण मतदार यादीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा उतरला. "नाव लागलं की उद्या घर आमचं म्हणाल." त्याला समजावून सांगायला मला दोन रविवार लागले की मतदार यादीत नाव लागल्यानं घराची मालकी कुणाला मिळत नसते.

आणि भाषेचं. पुण्यात एखादा दुकानदार मराठी बोलला नाही की आपलं रक्त उसळतं, आणि तोच आपला माणूस बेंगलोरला जाऊन सहा महिन्यांत तक्रार करतो की रिक्षावाले कन्नडच बोलतात, किती माजलेत. लाज वाटायला पाहिजे. कोल्हापूरवाल्याला तर जास्तच, आमची आजी गडहिंग्लजची, ती आणि तिच्या बहिणी भांडायच्या तेव्हा कन्नडवर उतरायच्या. २०२४ च्या जुलैमध्ये कर्नाटक सरकारनं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षणाचं विधेयक आणलं, कंपन्यांनी ओरडा केल्यावर दोन दिवसांत थांबवलं. तेव्हा ऑफिसातली सगळी मराठी पोरं त्यावर चिडलेली, आणि त्यातलीच निम्मी महाराष्ट्रात असं काही आणा म्हणणारी. मला वाटतं जिथली भाषा दोन वर्षांत कामापुरती शिकायची आपली तयारी नाही तिथं जाऊ नये. पॅकेज कितीही असलं तरी.

मग भावाला काय सांगितलं? त्याला वाटलेलं मी पुणे म्हणणार. मी म्हणलं बेंगलोरला जा. कारण साधं आहे, त्याला चिपच्या कामात रस आहे, आणि त्या लाइनीत बघायची असते ती दुसरी नोकरी. पहिल्या कंपनीत नाही जमलं तर त्याच रस्त्यावर पुढची आहे का? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बेंगलोरला १९८५ ला आली, तेव्हापासून त्या कामाची माणसं तिथं साठत गेलीत. तेच त्याला गाड्यांच्या कामात गोडी असती तर मी डोळे झाकून पुणे म्हणलं असतं, आकुर्डी, पिंपरी, चाकण हा सगळा पट्टा त्याचाच आहे. हवा, लाइफ, साडेसहा, आठ हे रकाने खोडून टाक म्हणलं. त्यांच्या जागी तीन लिही. खोलीपासून ऑफिस संध्याकाळी सहाला किती मिनिटं, रविवारी नाही. त्या बिल्डिंगीला पाणी नळाचं का टँकरचं, हे एजंटला विचारू नकोस, वॉचमनला विचार. आणि तिथं नाव लावणार का नाही. तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर मग कुठंही जा, तुला दोन्हीकडं सूसच मिळणार आहे.

गेला तो. तावडे हॉटेलला मावशी-काका सोडायला आलेले, पायाशी पोतं होतंच. परवा फोन आला, घर मिळालंय, डिपॉझिट दहाचं सहावर आणलं. कसं रे, तर म्हणतो मालकाच्या आईला "ऊटा आतेन्री" (जेवण झालं का) म्हणलं आजीसारखं, म्हातारी हसायलाच लागली, हे तर हुबळीकडचं कन्नड, आत ये म्हणाली. करार नोंदणी करून द्या असंही विचारलंय त्यानं. मालक म्हणाला कशाला पाहिजे. मतदार यादीला पाहिजे म्हणल्यावर मालकानं सांगितलं, बघू, पुढच्या महिन्यात.